शृंखला आणि घोडेस्वार

आल्प्स पर्वताच्या उत्तर पायथ्याशी, म्यूनिकच्या दक्षिणेस सुमारे ५० किलोमीटरांवर, इझार नदीच्या काठी टोल्ट्स नावाचे एक लहानसे गाव आहे. गावाच्या डोक्यावर एक टेकडी आहे आणि त्या टेकडीवर एक चिमुकले चॅपेल. आपल्या भाषेत सांगायचे तर माळावरची देवळी. एरवी तेथे वारा आणि एखाददुसरा वाटसरू यांखेरीज कोणी नसते. परंतु दरवर्षी ६ नोव्हेंबरला, संत लेओनार्डच्या स्मृतिदिनी, पहाटेपासून आसपासच्या खेड्यांतून घोड्यांच्या टापांचा आवाज येऊ लागतो. आयाळीत फुले आणि फिती गुंफलेले धिप्पाड घोडे, नक्षीकाम केलेल्या लाकडी गाड्या, गाड्यांत जपमाळ ओढीत बसलेल्या पारंपरिक वेषातल्या स्त्रिया आणि पुढेमागे घोडेस्वार, असा सारा ताफा अरुंद चढणीने टेकडीवर येतो. प्रत्येक गाडी चार घोड्यांची असते. अशा गाड्यांची संख्या ऐंशीच्या आसपास जाते. चॅपेलला फेरी घातली जाते, धर्मगुरू माणसांना आणि जनावरांना आशीर्वाद देतात, उघड्यावर उपासना होते. मग ताफा खाली उतरतो आणि गावातल्या मुख्य रस्त्यावर तरुण मंडळी लांब चाबकांचे आसूड तालात कडाडून दाखवितात.

या सोहळ्यात पाहुण्याच्या दृष्टीस पडण्यासारखे पुष्कळ आहे. पण इतिहासाच्या अभ्यासकाची नजर खिळून राहते ती एका वेगळ्याच वस्तूवर. त्या चॅपेलच्या भिंतींना बाहेरून एक लोखंडी साखळी वेढलेली आहे. देवाच्या घराला साखळी का? जेथे लोक घोडे घेऊन आनंदाने येतात, तेथे बंधनाची ही खूण कशासाठी? या प्रश्नाचे उत्तर शोधू लागलो, की एका ग्रामीण जत्रेच्या आडून जवळजवळ हजार वर्षांचा इतिहास उलगडू लागतो. त्या इतिहासात बंदिवान आहेत, शेतकरी आहेत, एक फसलेला उठाव आहे, आणि घोडा तर पानोपानी आहे.

ज्याच्या नावाने ही यात्रा भरते, तो संत जर्मन नव्हे. परंपरेनुसार लेओनार्ड हा सहाव्या शतकातील फ्रँक कुळातला साधक. फ्रान्समधील लिमोज शहराजवळच्या अरण्यात, नोब्ला या ठिकाणी त्याने आश्रम केला. त्याचे जे चरित्र उपलब्ध आहे ते मात्र अकराव्या शतकातले, म्हणजे त्याच्या कथित काळानंतर सुमारे ५०० वर्षांनी लिहिलेले आहे. त्यापूर्वीच्या कोणत्याही ग्रंथात त्याचा उल्लेख सापडत नाही. त्यामुळे लेओनार्ड नावाचा मनुष्य खरोखर होऊन गेला की नाही, हे इतिहासाला सांगता येत नाही. परंतु लोकांनी त्याच्याकडून काय मागितले, हे मात्र इतिहास निश्चित सांगू शकतो. आणि पुष्कळदा तेच अधिक मोलाचे असते.

चरित्रकार सांगतो, की फ्रँक राजाने लेओनार्डला एक विलक्षण अधिकार दिला होता. ज्या बंदिवानाला तो भेटेल, त्याच्या सुटकेची आज्ञा तो करू शकत असे. पुढे असेही होऊ लागले, की दूरच्या तुरुंगातल्या कैद्याने नुसते त्याचे नाव घेतले तरी बेड्या गळून पडत, आणि सुटलेला माणूस त्याच बेड्या खांद्यावर टाकून संताच्या दारी आणून अर्पण करीत असे. आणखी एक कथा आहे. राणीला अरण्यात अवघड प्रसूतिवेदना सुरू झाल्या असता लेओनार्डच्या प्रार्थनेने ती सुखरूप मोकळी झाली. राजाने कृतज्ञतेने वनजमीन देऊ केली. तेव्हा एका रात्रीत गाढवावर बसून जेवढ्या भूमीला वळसा घालता येईल, तेवढीच भूमी त्याने स्वीकारली. वाहनावर बसून भूमीला फेरी घालणे आणि ती पवित्र करणे, ही कल्पना या कथेत आरंभीच आहे, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

त्या काळी बंदिवास हा केवळ गुन्हेगारांच्या वाट्याला येणारा प्रसंग नव्हता. सरदारांच्या आपसांतल्या लढाया, खंडणीसाठी केलेली धरपकड, धर्मयुद्धे यांमुळे राजापासून रंकापर्यंत कोणाच्याही पायात बेडी पडू शकत होती. म्हणूनच या संताची कीर्ती झपाट्याने पसरली. पहिल्या धर्मयुद्धातला नामांकित नॉर्मन सेनानी आणि अँटिओकचा अधिपती बोहेमंड इ. स. ११०० मध्ये आनातोलियातल्या दानिश्मंद तुर्कांच्या हाती सापडला. ११०३ मध्ये त्याची सुटका झाली. युरोपात परतल्यावर, ११०६ मध्ये, तो मुद्दाम नोब्लाला गेला आणि त्याने संताच्या चरणी चांदीच्या बेड्या वाहिल्या. सामान्य कैदी लोखंडाची बेडी आणीत, तेथे राजपुरुषाने चांदीची आणली, एवढाच काय तो फरक. नवस एकच होता.

आता या संताचे घोड्यांशी नाते कसे जडले, हे पाहू. मध्ययुगाच्या उत्तरार्धात लेओनार्डची उपासना जर्मन भाषक प्रदेशात आली. तिच्या प्रसाराला सिस्टर्शियन पंथाच्या भिक्षूंचा मोठा हातभार लागला. बव्हेरियातील इंखेनहोफेन हे त्याचे सर्वांत मोठे क्षेत्र फ्युर्स्टेनफेल्डच्या सिस्टर्शियन मठाच्या देखरेखीखाली होते. चित्रांत आणि मूर्तींत लेओनार्ड हा भिक्षूच्या झग्यात, हाती साखळी धरून उभा असलेला दाखवीत. फ्रान्समधल्या भाविकाला त्या साखळीचा अर्थ सांगावा लागत नव्हता. पण आल्प्सच्या पायथ्याचा शेतकरी जेव्हा त्या मूर्तीपुढे उभा राहिला, तेव्हा त्याच्या ओळखीची साखळी तुरुंगातली नव्हती, गोठ्यातली होती. गाईगुरांना दावणीला बांधायची, घोड्याला ओझ्याला जुंपायची. हा संत हाती गुरांची साखळी धरून उभा आहे, तेव्हा तो गुरांचाच राखणदार असला पाहिजे, असे त्याने मनाशी ठरविले. अभ्यासकांनी या स्थित्यंतराची हीच उपपत्ती सर्वसाधारणपणे मानली आहे.

हा गैरसमज म्हणून सोडून देता येईल. पण मला त्यात एक सखोल तर्क दिसतो. मराठीतला 'साखळदंड' हा शब्दच पाहा. तो कैद्याच्या पायातही असतो आणि हत्तीच्या पायातही. माणसाला बांधणारे लोखंड आणि जनावराला बांधणारे लोखंड भाषेने वेगळे मानलेले नाही. शेतकऱ्याने तरी ते का मानावे? शिवाय ज्या कुळाचा एकुलता घोडा मेला, त्याची नांगरट थांबे, वाहतूक थांबे, कर्ज वाढे, आणि अखेर माणूसच बांधला जाई. जनावराचे आरोग्य हीच शेतकऱ्याची मुक्तता होती. बंदिवानांचा कैवारी गुरांचा कैवारी झाला, तो अर्थ सोडून नव्हे, तर अर्थ आपल्या घरी आणून.

बव्हेरियात हा संत इतका लोकप्रिय झाला, की त्याला विनोदाने 'बव्हेरियाचा देव' असेच म्हणू लागले. त्याच्या नावाच्या चर्चना लोखंडी साखळ्यांचे वेढे पडले. टोल्ट्सच्या चॅपेलची साखळी ही त्यांपैकीच एक. शेतकरी लोखंडाचे छोटे घोडे, गाई, डुकरे घडवून आणून वाहू लागले. घोड्याचे नाल तर ढिगांनी वाहिले गेले. इन् नदीकाठच्या आयगेन या गावी लोखंडाच्या ओबडधोबड, जड मानवाकृती आहेत. त्या उचलणे ही ताकदीची परीक्षा होती आणि मनाच्या शुद्धतेचीही. ज्याचे मन स्वच्छ, त्यालाच आकृती उचलते, अशी समजूत होती. लोहार हा या सगळ्या उपासनेचा मूक पुरोहित होता, असे म्हटले तरी चालेल. नाल त्याने ठोकायचा, साखळी त्याने घडवायची आणि नवसाचा घोडाही त्यानेच.

सणाचा दिवसही शेतकऱ्याच्या वर्षात नेमका बसणारा आहे. नोव्हेंबरच्या आरंभी आल्प्सच्या उंच कुरणांवरची गुरे खाली आलेली असतात, पीक घरात आलेले असते, बर्फ अजून रस्ते अडवीत नाही. वर्षभर राबलेल्या जनावरांना एक दिवस नटवावे, मिरवावे आणि हिवाळ्याच्या तोंडावर त्यांना आशीर्वाद मिळवून द्यावा, यासाठी याहून योग्य वेळ कोणती? इझारच्या खोऱ्यात तर घोड्याचे काम शेतापुरते नव्हते. डोंगरातले ओंडके नदीपर्यंत ओढून आणायचे, मग त्यांचे तराफे बांधून ते म्यूनिककडे सोडायचे, हा येथला मोठा व्यवसाय होता. लाकूड, चुनखडी, मीठ यांची ने-आण घोड्यांच्या बळावर चाले. घोडा आजारी पडला तर सारे खोरे थांबेल, अशी ही अर्थव्यवस्था होती.

लेओनार्डच्या नावाने निघणाऱ्या घोडेस्वारांच्या यात्रांपैकी सर्वांत जुनी मानली जाणारी यात्रा टोल्ट्सची नव्हे, तर टेगर्नझे सरोवरापलीकडच्या क्रॉइट या डोंगरी गावाची. तिचा उल्लेख १४४२ इतका मागे जातो. अशा यात्रांचा गाभा एकच असतो. पवित्र स्थानाला उजवे-डावे न चुकता, ठरलेल्या दिशेने, घोड्यावरून फेरी घालायची. आपण तिला प्रदक्षिणा म्हणू. पायी चालणारा भाविक स्वतःसाठी फेरी घालतो. घोड्यावरचा भाविक ती घोड्याकडून घालवून घेतो. येथे यात्रेकरू दोन आहेत, आणि त्यांतला मुख्य कोणता हे सांगणे अवघड आहे.

सोळाव्या शतकात मार्टिन ल्यूथरच्या अनुयायांनी संतांच्या यात्रा आणि नवस यांवर टीकेची झोड उठविली. उत्तर जर्मनीत असे पुष्कळ आचार लयाला गेले. बव्हेरियाचे राज्यकर्ते मात्र कॅथलिक राहिले आणि त्यांनी यात्रांना उलट उत्तेजनच दिले. त्यामुळे सतराव्या शतकाच्या अखेरीस हा प्रदेश चॅपेलांनी, क्रूसांनी आणि नवसाच्या चित्रफलकांनी गजबजून गेला होता. पण टोल्ट्सच्या टेकडीवरचे चॅपेल या धार्मिक उत्साहातून आपोआप उगवलेले नाही. त्याच्या पायात रक्त आहे. त्यासाठी १७०५ या वर्षाकडे वळले पाहिजे.

स्पेनच्या गादीच्या वारशावरून युरोपात मोठे युद्ध पेटले होते. बव्हेरियाचा इलेक्टर माक्स एमानुएल याने हाब्सबुर्ग सम्राटाविरुद्ध फ्रान्सच्या चौदाव्या लुईची बाजू धरली. १३ ऑगस्ट १७०४ रोजी ब्लेनहाइमच्या लढाईत फ्रान्स व बव्हेरिया यांच्या सैन्याचा निर्णायक पराभव झाला. इलेक्टर नेदरलँड्सकडे निघून गेला. मागे राहिली प्रजा. सम्राटाच्या सैन्याने देश ताब्यात घेतला, जबर कर बसविले, घराघरांत शिपाई ठेवले, आणि परमुलखातल्या लढाईसाठी तरुणांची सक्तीने भरती सुरू केली. धनी पळाला आणि दंड कुळाने भरला, असा हा प्रकार. त्याच सुमारास आपल्याकडे महाराणी ताराबाईंच्या नेतृत्वाखाली मराठी फौजा औरंगजेबाशी झुंजत होत्या. दोन्ही ठिकाणी बलाढ्य सम्राट परक्या भूमीवर तळ ठोकून होता. परंतु मराठ्यांजवळ घोडदळ होते, अनुभवी सेनानी होते. बव्हेरियाच्या शेतकऱ्यांजवळ त्यांपैकी काहीच नव्हते.

१७०५ च्या शरद ऋतूत प्रथम बव्हेरियाच्या पूर्वेकडच्या सखल भागात उठाव झाला. डिसेंबरात दक्षिणेकडच्या डोंगरी मुलखातही त्याचे लोण पोहोचले, आणि त्या हालचालींचे एक केंद्र टोल्ट्स होते. शेतकरी, सुतार, तराफेवाले, लोहार असे सुमारे २७०० ते ३००० लोक एकत्र झाले. कोणाजवळ बंदूक होती, पुष्कळांजवळ नुसते भाले, कुऱ्हाडी आणि विळे. शहरातून आपल्याला आतून साहाय्य मिळेल, या आशेवर हे लोक शेफ्टलार्नच्या मठावरून म्यूनिककडे निघाले. नाताळच्या रात्री त्यांनी हल्ला केला आणि इझारकडचा तांबडा बुरूज काही काळ हस्तगतही केला. पण आतून अपेक्षित साहाय्य आले नाही, आणि सम्राटाचे सैन्य दोन्ही बाजूंनी त्यांच्यावर चालून आले. शेतकरी मागे हटत झेंडलिंग या खेड्यात आले.

तेथे जे घडले, त्याला जर्मन इतिहासात 'झेंडलिंगची खुनी नाताळ' असे नाव पडले आहे. २५ डिसेंबर १७०५ च्या सकाळी कोंडीत सापडलेल्या लोकांनी शरणागती पत्करली आणि शस्त्रे खाली ठेवली. तरीही त्यांची कत्तल झाली. सम्राटाच्या सैन्यात हंगेरियन हुसार घोडेस्वार होते. निःशस्त्र झालेल्या, पळणाऱ्या माणसांवर घोडे घालण्यात आले. सुमारे ११०० माणसे मारली गेली. दोनच आठवड्यांनी, ८ जानेवारी १७०६ रोजी, आयडेनबाखजवळ उठावातल्या दुसऱ्या जमावाचा याहूनही मोठा संहार झाला आणि उठाव चिरडला गेला. कटात सामील असलेल्यांपैकी काहींना म्यूनिकमध्ये जाहीरपणे देहदंड देण्यात आला. त्यांत योहान जेगर हा मद्यगृहचालकही होता.

या पराभवातून काही माणसे जिवंत घरी परतली. त्यांत टोल्ट्सचे सुतार होते. १७१८ मध्ये या सुतारांनी आपल्या गावाच्या टेकडीवर, त्या भीषण प्रसंगातून सुखरूप परत आल्याबद्दल कृतज्ञता म्हणून, हे चॅपेल बांधले. तोवर इलेक्टर माक्स एमानुएल १७१५ मध्येच परत येऊन आपल्या गादीवर बसला होता. ज्यांनी त्याच्या देशासाठी शस्त्र धरले त्यांचे स्मारक उभारण्याचे काम मात्र सुतारांनाच करावे लागले. आणि त्यांनी स्मारक उभारले नाही, देवळी बांधली. तिच्यावर पराक्रमाचा लेख कोरला नाही. पुढे तिला बंदिवानांच्या आणि गुरांच्या त्या संताचे नाव आणि साखळी लाभली.

येथे मनात एक विचार आल्याशिवाय राहत नाही. झेंडलिंगच्या बर्फात ज्यांनी घोड्यांच्या टापांखाली आपली माणसे जाताना पाहिली, त्यांच्या हातच्या वास्तूभोवती पुढे घोडेस्वारांनीच प्रेमाने फेऱ्या घालाव्या, हे केवढे आश्चर्य! त्या सुतारांच्या मनात काय होते, ते कोणत्याही कागदावर उतरलेले नाही, आणि त्यांच्या वतीने बोलण्याचा अधिकार आपल्याला नाही. तथापि एवढे म्हणता येईल, की घोडा हा त्या समाजात संहाराचे साधन होता, तसाच भाकरीचेही. सम्राटाच्या हुसाराचा घोडा आणि ओंडके ओढणारा घोडा जातीने वेगळे असतील, पण घोडाच तो. जत्रा त्या घोड्याला दरवर्षी पुन्हा शेताच्या बाजूला आणून उभी करते.

पुढच्या शतकाने या सणाची कसोटी पाहिली, ती शत्रूने नव्हे, तर सुधारकांनी. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात विवेकवादाचे वारे बव्हेरियाच्या दरबारात शिरले. सण फार झाले, कामाचे दिवस बुडतात, मद्यपान होते, घोड्यांच्या शर्यतीत हातपाय मोडतात, असे आक्षेप घेऊन सुट्या कमी करण्यात आल्या आणि अनेक ठिकाणच्या घोडेस्वारांच्या यात्रांवर बंदी आली. १८०३ मध्ये तर मठांचीच मालमत्ता सरकारजमा झाली. टोल्ट्सच्या परिसरातले टेगर्नझे आणि बेनेडिक्टबॉयर्न हे शतकानुशतकांचे मठ एका आज्ञेने बंद पडले. त्यांची ग्रंथालये हलविली गेली, कुरणे विकली गेली. सुधारकांचे सर्वच म्हणणे खोटे होते असे नाही. जत्रेत मद्य होतेच, आणि मठांची सत्ता शेतकऱ्याला नेहमी हलकी वाटत होती असेही नाही. पण हिशेबाच्या वहीत ज्या रकमेला 'वाया गेलेला दिवस' म्हटले गेले, तो दिवस शेतकऱ्याच्या लेखी वर्षाचा हिशेब चुकता करण्याचा दिवस होता. त्यामुळे बंदी टिकली नाही. पहिल्या लुडविग राजाच्या कारकिर्दीत, १८२५ नंतर, धार्मिक लोकाचारांना पुन्हा राजाश्रय मिळू लागला. झेंडलिंगच्या जुन्या चर्चच्या भिंतीवर त्या कत्तलीचे भव्य भित्तिचित्र लिंडेनश्मिट या चित्रकाराने रंगविले तेही १८३० मध्ये. शंभरावर वर्षे दबलेली स्मृती आता राष्ट्रीय अभिमानाचा विषय झाली. कोखेल गावच्या एका अजिंक्य लोहाराची दंतकथाही या काळात फोफावली. या नावाचा लोहार त्या लढाईत होता, याला आधार नाही. परंतु पराभूतांना नायक हवा असतो, आणि तो नायक लोहारच असावा, हे या साखळ्यांच्या प्रदेशात स्वाभाविक होते.

टोल्ट्सच्या यात्रेला आजचे सुव्यवस्थित स्वरूप आले ते एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास, गावच्या धर्मगुरूंच्या पुढाकाराने. मोकाट शर्यतीऐवजी शिस्तबद्ध मिरवणूक, जपमाळ आणि उपासना यांना प्राधान्य मिळाले. याच सुमारास, १८४६ मध्ये, गावात आयोडीनयुक्त पाण्याचे झरे सापडले. आरोग्यासाठी शहरी मंडळी येऊ लागली, आणि १८९९ मध्ये गावाच्या नावामागे 'बाड', म्हणजे स्नानाचे स्थान, हे उपपद लागले. विसाव्या शतकाच्या आरंभी थोमास मान या थोर कादंबरीकाराचे उन्हाळी घर येथे होते. अशा रीतीने यात्रेला प्रेक्षक लाभले. जेथे पूर्वी सगळेच यात्रेकरू होते, तेथे काही जण पाहणारे आणि काही जण दिसणारे झाले. सणाच्या आयुष्यातले हे फार नाजूक वळण असते.

खरे संकट मात्र दुसऱ्या महायुद्धानंतर आले, आणि ते कोणत्याही आज्ञापत्रातून आले नाही. पश्चिम जर्मनीच्या शेतांवर ट्रॅक्टर आला. दहा-पंधरा वर्षांत गोठ्यातला घोडा अनावश्यक झाला. दक्षिण जर्मनीची जी जड, शांत स्वभावाची, ओढकामाची घोड्यांची जात शतकानुशतके जोपासली गेली होती, तिचे अस्तित्वच धोक्यात आले. राजाने बंदी घातली तेव्हा घोडे होते आणि यात्रा नव्हती. आता यात्रेला कोणाचीच ना नव्हती, पण घोडे कोठून आणायचे, हा प्रश्न होता. अशा वेळी एक विलक्षण उलटापालट झाली. पूर्वी शेतकऱ्याजवळ घोडा होता म्हणून तो यात्रेला जाई. आता यात्रेला जायचे म्हणून काही शेतकरी घोडा पाळू लागले. वर्षाचे तीनशेहून अधिक दिवस ज्याला फारसे काम नाही, अशा जनावराला दाणावैरण घालायची, नालबंदाचे पैसे द्यायचे, चार घोडे एका चालीने चालावेत म्हणून त्यांना शिकवायचे. हे सारे एका नोव्हेंबरच्या सकाळीसाठी. श्वायगांगर येथील राज्याच्या अश्वपैदास केंद्राने या जातीची जोपासना केली, हे खरे. पण पैदास केंद्र घोडा देऊ शकते. त्याला चढणीवर नेण्याचे कारण ते देऊ शकत नाही. ते कारण चॅपेलने दिले.

२०१६ मध्ये टोल्ट्सच्या या यात्रेचा समावेश जर्मनीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या राष्ट्रीय सूचीत झाला. हा गौरव आहे, यात शंका नाही. तरीही सूचीत नाव चढले म्हणजे सण सुरक्षित झाला, असे मानण्याचे कारण नाही. २०२० मध्ये कोरोनाच्या साथीने यात्रा भरली नाही. त्या वर्षी सूचीतले नाव जागच्या जागी होते, टेकडी मात्र रिकामी होती. सण सूचीत जगत नाही. तो तबेल्यात पहाटे उठून घोड्याची आयाळ विंचरणाऱ्या माणसाच्या बोटांत जगतो.

भारतीय वाचकाला यातले पुष्कळसे ओळखीचे वाटेल. राजस्थानात रामदेवजींच्या चरणी भाविक कापडाचे घोडे वाहतात. तमिळनाडूतील खेड्यांच्या वेशीवर अय्यनारसाठी मातीचे मोठमोठे घोडे उभे असतात. गुजरातेत छोटा उदेपूरच्या परिसरात राठवा आदिवासी देवस्थानांपुढे पक्क्या मातीचे घोडे ठेवतात. जेजुरीचा खंडोबा तर स्वतःच अश्वारूढ. ज्ञानेश्वरांच्या पालखीबरोबर अंकलीहून येणारा माउलींचा अश्व रिंगणात धावतो, तेव्हा त्याच्या पाठीवर कोणी बसलेले नसते, कारण तेथे माउली आहेत, अशी वारकऱ्यांची श्रद्धा असते. वारकरी त्याच्या टापांखालची माती कपाळाला लावतात. बव्हेरियाच्या लोखंडी घोड्याचा आणि आपल्या मातीच्या घोड्याचा एकमेकांशी काही ऐतिहासिक संबंध आहे, असे मला सुचवायचे नाही. तसा पुरावा नाही, आणि साम्य दिसले की उगम एक मानावा, हा मोह इतिहासकाराने टाळलाच पाहिजे. परंतु जनावरांच्या कष्टांवर जगणारा समाज वर्षातून एकदा त्या ऋणाचा उच्चार करतो, हे दोन्हीकडे सारखे आहे. आपला पोळा हा त्याच ऋणाचा सण. आणि ज्या गावात बैलजोड्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या उरल्या आहेत, तेथे पोळ्याच्या दिवशी मातीच्या बैलाची पूजा करताना आपल्यालाही टोल्ट्सच्या शेतकऱ्याचाच प्रश्न पडायला हवा. जनावर गेल्यावर सण कशाचा उरतो?

त्या प्रश्नाचे एक उत्तर टेकडीवरच्या साखळीत आहे, असे वाटते. ती साखळी प्रथम कैद्याची होती. नंतर ती गोठ्यातली झाली. पुढे ती एका चिरडलेल्या उठावातून वाचलेल्यांच्या वास्तूला वेढून राहिली. आज ती अशा काळात तेथे आहे, की जेव्हा घोडा माणसाच्या कामाचा राहिलेला नाही, आणि तरीही माणसाने त्याला सोडलेले नाही. प्रत्येक पिढीने तिच्यात आपला अर्थ ओवला आणि आधीचा अर्थ पुसून टाकला नाही. विस्मरण झाले असेल, पण कडी तुटली नाही. यात्रेला येणाऱ्या प्रत्येकाला झेंडलिंग ठाऊक असेलच असे नाही. नोब्लाचे नावही पुष्कळांनी ऐकले नसेल. परंतु घोडा जेव्हा त्या चॅपेलला वळसा घालतो, तेव्हा स्वाराच्या डाव्या-उजव्या हाताला ते लोखंड असतेच. ज्याला विचारावेसे वाटेल, त्याला ते सांगण्यासाठी थांबलेले आहे.

इतिहास पुष्कळदा जिंकलेल्यांच्या कागदपत्रांतून लिहिला जातो. हरलेल्या सुतारांनी कागद ठेवला नाही. त्यांनी चार भिंती ठेवल्या, आणि त्या भिंतींकडे दरवर्षी यायची वाट त्यांच्या पुढच्या पिढ्यांनी मोडू दिली नाही. नोव्हेंबरच्या त्या सकाळी धर्मगुरूंचा हात उचलला जातो, घोडे माना हलवितात, त्यांच्या नाकपुड्यांतून थंडीची वाफ निघते आणि गाड्या एकेक करून उताराला लागतात. पुढच्या वर्षीही घोडे आणायचे, एवढे ठरवूनच माणसे घरी परततात.